हॉस्टेल, पार्टी आणि नियम : तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात कॉलेजमधल्या दारू आणि ड्रग्जबद्दल पत्रं मागवली होती, आणि आईवडिलांपेक्षा मुलांचीच पत्रं जास्त आली, याचं मला बरं वाटलं. सगळ्यांची नावं काढून टाकली आहेत, गावंही काही ठिकाणी बदलली आहेत. बऱ्याच पत्रांत तेच तेच प्रश्न होते म्हणून त्यातले काहीच घेतलेत. मी स्वतः बरीच वर्षं मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर होते, आता समुपदेशन करते, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्या आहेत.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय १९. हॉस्टेलच्या खोलीत बिअरच्या बाटल्या सापडल्या म्हणून चौघांनाही हॉस्टेलमधून काढलं आणि दोन आठवडे कॉलेजला यायचं नाही असं सांगितलं. मुलगा म्हणतो मी प्यायलो नाही. नुसत्या बिअरसाठी एवढी शिक्षा देता येते का? — एक वडील, लातूर

दादा, आधी कायद्याचं सांगते, कारण "नुसती बिअर" हा शब्द तुमच्या पत्रात तीनदा आलाय. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ पासून आहे आणि तो अजून लागू आहे. माइल्ड बिअर आणि वाईनसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि बाकी कडक दारूसाठी २५. त्यावरही पिण्याचा परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा, जो बहुतेक लोक कधी काढतच नाहीत. वर्धा आणि गडचिरोलीत तर जिल्हाभरच बंदी आहे. म्हणजे १९ वर्षांच्या मुलाच्या हातात बिअर असणं हे कॉलेजच्या नियमाआधी कायद्यातच बसत नाही. आणि ॲडमिशनच्या वेळी हॉस्टेलचं जे हमीपत्र असतं ना, ज्यावर मुलाची आणि तुमचीही सही असते, त्यात दारू, सिगारेट, अमली पदार्थ खोलीत ठेवणार नाही असं बहुतेक ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं असतं. ते एकदा काढून वाचा. आपण फी भरायच्या गडबडीत सही करतो आणि विसरतो.

आता दुसरी बाजू, आणि तीही तितकीच महत्त्वाची आहे. शिक्षा देण्याआधी मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायलाच पाहिजे. आरोप काय आहे हे लेखी द्यायचं, उत्तर द्यायला वेळ द्यायचा, समितीपुढे बोलू द्यायचं आणि निर्णय लेखी द्यायचा, हे कुठल्याही शिस्तीच्या कारवाईत अपेक्षित आहे. तोंडी "उद्यापासून येऊ नकोस" हे चालत नाही. तुमच्या मुलाला लेखी काही मिळालं नसेल तर प्राचार्यांना साधा अर्ज करा, की कारवाईचा आदेश आणि कारण लेखी द्यावं आणि आमचं म्हणणं ऐकून घ्यावं. भाषा नम्र ठेवा, वकिलाची नोटीस पहिल्याच दिवशी पाठवू नका, त्याने समोरचे लोक लगेच ताठर होतात. दाद नाही मिळाली तर विद्यापीठाकडे जाता येतं. आणि त्या दोन आठवड्यांत इंटर्नल परीक्षा किंवा सबमिशन येत असेल तर ते अर्जात जरूर लिहा, बरीच कॉलेजं त्यावर विचार करतात.

राहिलं मुलाचं "मी प्यायलो नाही". खरं असेल किंवा नसेल, मला माहीत नाही आणि तुम्हालाही आत्ता माहीत नाही. पण खोली चौघांची असेल तर सापडलेल्या वस्तूची जबाबदारी चौघांवर येते, हे हॉस्टेलमध्ये सगळीकडे असंच असतं. त्याला एवढंच विचारा की बाटल्या कुणाच्या हे तुला माहीत होतं का, आणि माहीत असूनही तू गप्प का बसलास. ओरडून नका विचारू. गप्प बसण्याचं कारण बहुतेक वेळा भीती असते, एक तर रूममेट्सची नाहीतर तुमची.

प्रश्न : ताई, आम्ही पाच मुली एका फ्लॅटवर बर्थडे पार्टीला गेलो होतो. एकीने खूप व्होडका घेतली, तिला उठवलं तरी उठत नव्हती, मध्येच उलटी झाली. आम्ही घाबरून कुणालाच फोन केला नाही कारण हॉस्टेलला कळलं असतं. लिंबूपाणी पाजायचा प्रयत्न केला, तोंडावर पाणी मारलं. सकाळी ती ठीक झाली. पण मला अजून झोप लागत नाही की काही झालं असतं तर. असं झालं तर काय करायचं असतं? — एस. वाय. बी.कॉम., पुणे

हे पत्र वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. अगं, ती वाचली हे तुमचं नशीब, आणि तू आता विचारते आहेस हे फार चांगलं केलंस, कारण हा प्रश्न मनात असलेली तू एकटी नाहीस.

नीट वाच आणि ज्या मैत्रिणी त्या रात्री होत्या त्यांनाही वाचायला दे. दारू पोटात गेल्यावर लगेच सगळी रक्तात येत नाही, शेवटचा पेग संपल्यानंतरही रक्तातलं प्रमाण पुढे बराच वेळ वाढत राहतं, म्हणून "आता पीत नाहीये, झोपू दे, झोपेत उतरेल" हे सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे. माणूस हाक मारून, हलवून, चिमटा काढूनही उठत नसेल, श्वास खूप हळू चाललाय, मिनिटाला आठच्या खाली आलाय किंवा मध्येच थांबून थांबून येतोय, अंग गार आणि चिकट लागतंय, ओठ किंवा नखं निळसर दिसतायत, फिट येतेय, किंवा बेशुद्धीतच उलटी होतेय, यातलं एकही असलं तरी ती "टल्ली" नाहीये, तिला विषबाधा झालीये. सगळी लक्षणं दिसायची वाट बघायची नाही.

मग काय करायचं, तर १०८ ला फोन. अँब्युलन्स फुकट असते, महाराष्ट्रात कुठूनही लागते. तो लागला नाही तर ११२. फोनवर खरं सांगायचं, किती प्यायली, कधी, सोबत काही गोळी घेतली का, झोपेची, खोकल्याचं औषध, काहीही. हे लपवलं तर डॉक्टर अंदाजाने उपचार करतात आणि त्यात वेळ जातो. अँब्युलन्स येईपर्यंत तिला कुशीवर वळवायचं, वरचा पाय गुडघ्यात दुमडून पुढे ठेवायचा म्हणजे ती उताणी पडणार नाही, डोकं किंचित मागे आणि तोंड खालच्या बाजूला, म्हणजे उलटी आली तर बाहेर पडेल. उताणं झोपवायचं नाही, उताण्या माणसाची उलटी श्वासनळीत जाऊ शकते आणि त्यात जीव जाऊ शकतो. लिंबूपाणी, ताक, कॉफी, काहीही पाजायचं नाही, बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. बोट घालून उलटी काढायची नाही. गार पाण्याची आंघोळ घालायची नाही, अंग आधीच गार पडलेलं असतं. आणि तिला एकटं सोडायचं नाही, एक मिनिटही नाही, कुणीतरी श्वास मोजत बसायचं.

आता हॉस्टेलचं. हो, रेक्टरला कळलं असतं, घरी फोन गेला असता, कदाचित समिती बसली असती. मी स्वतः रेक्टर होते म्हणून सांगते, रात्री दोन वाजता फोन आला की पहिला विचार मुलगी जिवंत आहे का हाच येतो, नियमपुस्तक दुसऱ्या दिवशी आठवतं. सगळ्या रेक्टर अशाच असतात असं मी म्हणणार नाही, काही खरंच कडक असतात आणि मुलींना अपमानास्पद बोलतात. पण शिक्षेतून बाहेर पडता येतं, वर्ष वाया गेलं तरी पुढचं वर्ष येतं.

यावर मला कॉलेजांनाही एक सांगायचंय. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत असा लेखी नियम असतो की दारूमुळे बेशुद्ध झालेल्या मित्रासाठी जो मदत बोलावतो आणि तिथे थांबतो त्याच्यावर, आणि ज्याच्यासाठी बोलावली त्याच्यावरही, शिस्तीची नेहमीची कारवाई होत नाही. समुपदेशकाला भेटायला लावतात, पण रेकॉर्डवर डाग नाही. आपल्याकडे असा नियम क्वचितच लिहिलेला दिसतो. शिस्त ढिली करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, खोलीत दारू सापडली तर जरूर कारवाई करा. पण मदत मागणाऱ्या मुलीला शिक्षा होणार नाही, एवढी एक ओळ हमीपत्रात आणि मेसच्या नोटीस बोर्डवर लिहायला काय जातंय? तुझ्यासारख्या पाच मुलींनी त्या रात्री फोन उचलला असता.

आणि ज्या मैत्रिणीला हे झालं तिच्याशी बोल. लाज वाटेल असं नाही, पण रात्री नेमकं काय झालं ते तिला सांग, कारण तिला त्यातलं काही आठवत नसणार आणि "जरा जास्त झाली" एवढंच तिच्या डोक्यात असेल.

प्रश्न : वीड हे झाड आहे, नॅचरल आहे, दारूपेक्षा सेफ आहे असं सगळे म्हणतात. आमच्या ग्रुपमध्ये वीकेंडला चालतं. थोडंसं जवळ असलं तर पोलीस काही करत नाहीत, एक किलोपर्यंत चालतं असंही ऐकलंय. खरं काय? — नाव नको, मुंबई

एक किलोपर्यंत चालतं हे साफ चुकीचं आहे आणि मला ते बऱ्याच पत्रांत दिसलं म्हणून जरा सविस्तर लिहिते. १९८५ चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा आहे, त्यात प्रत्येक पदार्थाची "अल्प मात्रा" आणि "व्यावसायिक मात्रा" ठरवून दिली आहे. गांजासाठी, म्हणजे तुमच्या वीडसाठी, अल्प मात्रा १ किलोपर्यंत आणि व्यावसायिक २० किलोपासून. पण अल्प मात्रा म्हणजे सूट नव्हे, शिक्षा कमी एवढाच त्याचा अर्थ. अल्प मात्रेत गांजा जवळ सापडला तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसतं ओढल्याबद्दल वेगळं कलम आहे, २७ नंबरचं, त्यात गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत आणि कोकेन, हेरॉईनसाठी एक वर्षापर्यंत. एका सिगारेटपुरता असला तरी केस होते.

आणि गांजाचे आकडे डोक्यात ठेवून मुलं बाकीच्या पदार्थांना तेच लावतात, तिथे फार मोठी फसगत होते. चरसची अल्प मात्रा १०० ग्रॅम आहे, पण एमडी म्हणजे मेफेड्रोनची फक्त २ ग्रॅम. एमडीएमए म्हणजे एक्स्टसीची अर्धा ग्रॅम. एलएसडीची तर ग्रॅमचा अगदी बारीक भाग, दोन मिलिग्रॅम, म्हणजे पार्टीत खिशात असलेले एलएसडी लावलेले थोडेसे कागदाचे तुकडे. अल्प मात्रा ओलांडली की शिक्षा थेट दहा वर्षांपर्यंत जाते. मेफेड्रोनची व्यावसायिक मात्रा ५० ग्रॅम आहे, तिथून पुढे कमीत कमी दहा वर्षं आणि जामीन मिळणं अतिशय कठीण. हे मेफेड्रोन २०१५ मध्ये या कायद्यात आलं, त्याआधी ते सहज मिळायचं, आणि २०२४ मध्ये पुण्याजवळच्या कुरकुंभच्या एमआयडीसीत त्याचा कारखानाच सापडला तेव्हा किती जवळ आलंय ते सगळ्यांना कळलं.

अजून एक गोष्ट ग्रुपमधल्या मुलांना कुणी सांगत नाही. सगळ्यांनी कॉन्ट्री काढली, एकजण जाऊन आणतो, यूपीआयने पैसे त्याच्या खात्यात. त्याच्या डोक्यात तो मित्रांसाठी धावपळ करतोय, पण कायद्याच्या भाषेत त्याने खरेदी केली, वाहतूक केली आणि पुढे दिली. फोनमधले चॅट आणि पेमेंट पुरावा म्हणून बघितले जातात. नेहमी "मी आणतो" म्हणणारा मुलगा बहुतेक वेळा ग्रुपमधला सगळ्यात साधा, सगळ्यांना मदत करणारा असतो, आणि अडकतो तोच. ज्याच्या नावावर फ्लॅट आहे त्यालाही वेगळं कलम आहे, जागा जाणूनबुजून वापरू दिली म्हणून.

पोलिसांनी थांबवलं तर पळू नका, हुज्जत घालू नका, पैसे देऊ करू नका. अंगझडतीच्या वेळी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घ्या असं म्हणायचा हक्क आहे, घरच्यांना कळवायचा हक्क आहे, वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो.

आता "नॅचरल". धोतराही नॅचरलच आहे. वीकेंडला ओढणाऱ्या सगळ्यांचं वाटोळं होतं असं मी म्हणणार नाही, तुला ते खोटं वाटेल आणि बाकीचंही मग तू वाचणार नाहीस. पण कमी वयात, वारंवार आणि हल्लीच्या कडक मालाने काही मुलांमध्ये भास, संशय, आवाज ऐकू येणं हे सुरू होतं, घरात कुणाला मानसिक आजार असेल तर धोका जास्त. आणि आपण त्या काहींमध्ये आहोत की नाही हे आधी तपासायची सोय नाही.

प्रश्न : सिनियर्स फ्रेशर्सच्या रात्री जबरदस्तीने पाजतात, "एक शॉट तरी" म्हणतात. नको म्हटलं तर वर्षभर त्रास देतात. हे रॅगिंगमध्ये येतं का? — प्रथम वर्ष, कोल्हापूर

येतं. यूजीसीच्या २००९ च्या नियमांत, ज्युनिअरला जे तो एरवी करणार नाही असं काही करायला लावणं आणि त्याने त्याच्या शरीरावर किंवा मनावर परिणाम होणं, हे रॅगिंगच आहे. दारू पाजणं यात सरळ बसतं. आपल्या महाराष्ट्राचा तर १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरला तर कॉलेजातून काढून पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. तक्रार आली तर कॉलेजला दुर्लक्ष करता येत नाही. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, तिथे नाव न सांगताही तक्रार करता येते. २००९ चे नियम एका मेडिकलच्या विद्यार्थ्याचा दारू प्यायलेल्या सिनियर्सच्या मारहाणीत जीव गेल्यानंतर आले, एवढं लक्षात ठेव आणि गप्प बसू नकोस. शक्य असेल तर एकटा जाऊ नको, तुझ्यासारखे अजून दोघंतिघं असणारच, एकत्र जा.

प्रश्न : मुलगा एम. एस. करायला अमेरिकेत निघालाय, वय २२. तिथे गांजा कायदेशीर आहे असं तोच सांगतो. कॉलेज आम्हाला काही कळवेल का? मला काळजी वाटते. — एक आई, नाशिक

वहिनी, दारूचं आधी. तिथे सगळीकडे वय २१ आहे, त्यामुळे तुमच्या मुलाला कायद्याने पिता येईल. पण त्याच्या ओळखीत १९-२० ची मुलं असतील, त्यांना आणून देणं हा गुन्हा आहे, हे त्याला जरूर सांगा. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या विद्यापीठांना दारू आणि ड्रग्जचं धोरण दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला लेखी द्यावंच लागतं. ते ईमेलमध्ये येतं आणि मुलं ते न उघडता डिलीट करतात. त्याला म्हणा पहिल्याच आठवड्यात वाच.

गांजाचं तो अर्धं खरं सांगतोय. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत २१ च्या वर वय असेल तर राज्याच्या कायद्याने चालतं, पण देशाच्या कायद्याने तो अजूनही बेकायदाच आहे, म्हणून कॅम्पसवर, होस्टेलमध्ये बंदीच असते. आणि मुख्य म्हणजे व्हिसा हा देशाच्या कायद्याने चालतो. तिथल्या नागरिक असलेल्या मित्राला जे चालतं ते एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्याला चालेलच असं नाही. ड्रग्जच्या प्रकरणात व्हिसा जाऊ शकतो, परत प्रवेश नाकारला जाऊ शकतो, विमानतळावर अधिकाऱ्यासमोर "हो मी घेतो" असं कबूल केलं तरी अडचण होते. गांजाच्या दुकानात पार्ट टाइम काम मिळालं म्हणून खूश होऊन जाऊ नये. आणि दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला, तर कोर्टात दोषी ठरायच्या आधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. मुलांना हे सगळ्यात उशिरा कळतं. रात्री उबरचे पैसे वाचवायला गाडी काढू नकोस, एवढं एक वाक्य विमानतळावर सांगा, बाकी सगळं विसरला तरी चालेल.

तुम्हाला कळवेल का, तर बहुतेक नाही. २१ च्या आतल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत दारू-ड्रग्जचा नियम मोडला तर पालकांना कळवायची विद्यापीठाला मुभा आहे, तुमचा मुलगा २२ चा आहे. त्यामुळे जे कळेल ते त्याच्याकडूनच. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर "जेवलास का" नंतर अजून दोन प्रश्न विचारायची सवय आत्तापासूनच लावा.

प्रश्न : मी ग्रामीण भागातल्या कॉलेजात शिक्षक आहे. गुटखा, गोळ्या, आता बाहेरून येणारे ड्रग्ज, सगळंच वाढलंय. मॅनेजमेंट म्हणते सगळ्यांची लघवी तपासणी करा, बॅगा तपासा. योग्य आहे का? — अहिल्यानगर जिल्हा

सर, तुमची तळमळ कळते. पण सरसकट लघवी तपासणीच्या मी विरोधात आहे. मुलाच्या लेखी संमतीशिवाय ती करणं कायद्यातही टिकणं कठीण आहे, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलंय. शिवाय टेस्टचा अर्थही सरळ नसतो, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजा काही आठवडे दिसू शकतो आणि काल रात्री एमडी घेतलेला साध्या किटमध्ये सुटूनही जातो. काही औषधांमुळेही चुकीचं पॉझिटिव्ह येतं. एका निरपराध मुलाचं नाव गावभर झालं तर ते परत नीट करता येत नाही.

त्यापेक्षा जे कायद्याने तुमच्या हातात आहे ते आधी करा. कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, गेटसमोरची टपरी तिथे का आहे हे विचारा, लेखी तक्रार करा. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, ई-सिगारेटची विक्री आणि साठा २०१९ पासून देशभर बंद आहे. आवारात सिगारेट ओढणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड करता येतो, आणि तो स्टाफरूममागे ओढणाऱ्या शिक्षकालाही लागू आहे, तिथूनच सुरुवात करा, मुलांना ते दिसतं. गोळ्यांचं म्हणाल तर झोपेच्या आणि फिटच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय देणारं मेडिकल गावात सगळ्यांना माहीत असतं, त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा.

आणि नियम का आहे ते सांगा. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाची मुलं सुरुवातीला गांधींच्या आश्रमात शिबिराला राहतात, खादी, दारू नाही, हे सगळं ॲडमिशन घेतानाच माहीत असतं. तिथल्यासारखं सगळीकडे होणार नाही, पण पहिल्या आठवड्यात एक तास बसून नियम वाचून दाखवणं, प्रश्न घेणं आणि मदत कुणाकडे मागायची त्या एका व्यक्तीचं नाव सांगणं, याला मॅनेजमेंटचा एक रुपया लागत नाही. ती व्यक्ती मात्र शिस्त समितीवर नसावी. दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस असेल तर मुलं येत नाहीत.

प्रश्न : मी फायनल इयरला आहे. दीड वर्षापासून एमडी घेतोय, आधी महिन्यातून एकदा, आता आठवड्यातून तीनचारदा, आणि झोप यावी म्हणून रोज रात्री दारू. सोडायचंय पण कुणाला सांगितलं तर कॉलेज काढेल, केस होईल, घरी कळेल. काय करू? — नाव नाही, गाव नाही

तू लिहिलंस, आणि आठवड्यातून किती हेही खरं लिहिलंस. बरं केलंस.

केसची भीती आधी बाजूला करू. त्याच एनडीपीएस कायद्यात ६४-अ असं एक कलम आहे. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ते संरक्षण काढून घेता येतं. तुझ्यावर तर अजून काही आरोपच नाहीये, त्यामुळे डॉक्टरकडे गेलास म्हणून केस होईल हे मनातून काढून टाक. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे त्रास आजार म्हणूनच धरलेत आणि तुझी माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. डॉक्टर कॉलेजला फोन करून सांगत नाहीत. सर्टिफिकेट लागलं तर आजारपणाची रजा असं देता येतं का ते त्यांनाच विचार.

पण एक गोष्ट एकट्याने करू नकोस. रोजची दारू अचानक, एका दिवसात बंद करू नकोस. शरीराला सवय झाली असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, घाम, भास, फिट येऊ शकते आणि ते जिवावर बेततं. हे डॉक्टरच्या देखरेखीत औषधं देऊन सोडवतात आणि नीट होतं. एमडी सोडल्यावर काही दिवस खूप उदास वाटेल, नुसतं पडून राहावंसं वाटेल, मरून जावं असेही विचार येऊ शकतात. ते एमडी उतरल्याचं लक्षण असतं, त्या दिवसांत एकटा राहू नकोस.

१४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, फुकट. १४४१६ वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा. तू पुण्याच्या आसपास असशील तर येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून हेच काम करतंय, आणि तिथे काम करणारे बरेच जण स्वतः कधीतरी याच ठिकाणी दाखल झालेले आहेत, त्यामुळे तुला तिथे कुणी वाईट नजरेने बघणार नाही. दुसरीकडे असशील तर जिल्हा रुग्णालयातल्या किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात जा, केसपेपर काढायला फार पैसे लागत नाहीत. २०१९ मध्ये देशाचा जो सर्वे आला त्यात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकाला कशीबशी मदत मिळते असं दिसलं, म्हणजे बाकीचे ३७ तुझ्यासारखेच कुणाला सांगू म्हणून बसलेत.

घरी सांगायचं की नाही हे तू ठरव, तुझं वय आहे ते ठरवायचं. माझं मत विचारशील तर एकाला सांग, ज्याच्यावर तुझा सगळ्यात जास्त विश्वास आहे अशा एकाला, मामा असेल, मोठी बहीण असेल, मित्राची आई असेल. त्यांना ओपीडीला सोबत यायला सांग. परीक्षा मे महिन्यात आहे असं तू लिहिलंयस. आत्ता गेलास तर उपचाराचे सुरुवातीचे आठवडे त्याआधी पार पडतील, आणि नाही पडले तर एक सेमिस्टर पुढे ढकलता येतं, त्यासाठी अर्ज कसा लिहायचा ते मला परत पत्र पाठवलंस तर मी लिहून देईन. माझा पत्ता अंकात आतल्या पानावर आहे. नाव लिहू नकोस हवं तर, मी तुझं अक्षर ओळखेन.